इमॅक्स आणि विम: मदतीसाठी कोणतं बटण ठेवावं?

बर्डीचा_बग
नागपुरातल्या कॉलेजची लॅब आहे, ३० मशीनवर उबुंटू. काही पोरं आपापल्या लॅपटॉपवरून पुटीने (दूरच्या सर्व्हरचं टर्मिनल उघडून देणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर येतात. इमॅक्स आणि विम हे दोन्ही टेक्स्ट एडिटर शिकवायचे आहेत. अडचणी अशा: इमॅक्समध्ये बॅकस्पेस दाबलं की अक्षर खोडायच्या ऐवजी मदत उघडून राहिली, एफ१ दाबलं तर टर्मिनलचीच मदत येते, आणि मराठी कीबोर्ड चालू असला की कंट्रोल-एच काहीच करत नाही. सगळ्यांना एकच बटण सांगायचं तर कोणतं?

हेल्पमॅप
एफ१ सांगा भाऊ. इमॅक्समध्ये एफ१ आणि कंट्रोल-एच दोन्ही मुळातच हेल्प-कमांडला जोडलेले असतात. एफ१ मग के म्हणजेच कंट्रोल-एच के (एखादं बटण काय करतं ते सांगणारी मदत). इनिट फाइलला, म्हणजे इमॅक्सच्या सेटिंग फाइलला, हात लावायची गरज नाही.

बॅकस्पेसचं दुखणं जुनं आहे. छोट्या एचचा आस्की (अक्षरांना आकडे देणारी पद्धत) क्रमांक १०४. टर्मिनलमध्ये कंट्रोलसोबत दाबला की त्यातून ९६ जातात, उरतात ८. आणि ८ म्हणजे आस्कीतलं बॅकस्पेसच. बहुतेक टर्मिनल बॅकस्पेसला १२७ पाठवतात, काही ८ पाठवतात. शेलमध्ये (टर्मिनलमध्ये कमांड लिहितो तिथे) कंट्रोल-व्ही दाबून मग बॅकस्पेस दाबा: कॅरेट-प्रश्नचिन्ह (^?) उमटलं तर १२७, कॅरेट-एच (^H) उमटलं तर ८. आता ‘एसटीटीवाय -ए’ चालवून ‘इरेज’समोर (खोडायचं बटण) काय आहे ते बघा. टर्मिनल ८ पाठवतं आणि इरेज १२७ आहे, असं जुळत नसलं की इमॅक्स त्या ८ ला मदत समजतं. पुटीमध्ये ‘टर्मिनल’खालच्या ‘कीबोर्ड’मध्ये बॅकस्पेससाठी ‘कंट्रोल-प्रश्नचिन्ह (१२७)’ निवडा आणि सेशन सेव्ह करा. सेव्ह राहिलं तर उद्या तीच तक्रार परत.

दोन्हीकडे कॅरेट-एच असेल तर इमॅक्स स्वतःच ओळखतं आणि कंट्रोल-एचला खोडायचं बटण करतं. मग मदतीला एफ१ च उरतं. म्हणूनही एफ१.

संत्री_शेल
यापेक्षा इमॅक्सचं कीबोर्ड-ट्रान्सलेट (एका बटणाला दुसरं समजायला लावणारी सोय) वापरून कंट्रोल-एचला कायमचं डिलीटचं बटण करून टाका ना. शेलमध्येही कंट्रोल-एच खोडतंच, सवय एकच राहील.

हेल्पमॅप
त्यात एक खड्डा आहे. कंट्रोल-एक्स दाबून पुढची बटणं आठवली नाहीत की लोक कंट्रोल-एच दाबतात, मग पुढच्या बटणांची यादी दिसते. ट्रान्सलेट केल्यावर तेच ‘कंट्रोल-एक्स, मग डिलीट’ असं होतं, म्हणजे मागचं अख्खं वाक्य उडतं. यादीच्या जागी मजकूर गायब! करायचंच असेल तर ट्रान्सलेट नको, ग्लोबल-सेट-कीने कंट्रोल-एचला मागचं अक्षर खोडायची कमांड द्या. मग कंट्रोल-एक्सनंतरची यादी शाबूत राहते. मात्र आय-सर्चमध्ये (टाइप करता करता शोधताना) कंट्रोल-एच तरीही मदतच दाखवेल, तिथे बटणांचा वेगळा नकाशा आहे.

ख_पुरवणी
मराठीचं कोडं सोपं आहे. इनस्क्रिप्टमध्ये (मराठी कीबोर्डची मांडणी) एचच्या जागी प आहे. खिडकीतल्या इमॅक्सला सिस्टीमकडून कंट्रोल-प मिळतं आणि ते ‘सी-प इज अनडिफाइन्ड’ म्हणून मोकळं होतं. एफ१ वर भाषेचा परिणाम होत नाही, पण त्यानंतरचा के मात्र क होऊन येतो, म्हणजे अर्धंच काम झालं. म्हणून सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा आणि इमॅक्सच्या आत कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ निवडा. मग कंट्रोलचे शॉर्टकट जसेच्या तसे चालतात.

विममध्येही तेच: शिफ्ट-के (कर्सरखालच्या शब्दाची मदत) दाबलं की ख येतो आणि विम ढिम्म.

एस्केपच्या_शेजारी
विममध्ये एफ१ एस्केपला चिकटून आहे. इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर लिहायचा मोड) बोट चुकलं की मोड सुटून मदतीची खिडकी उघडते आणि नवी पोरं गांगरतात. विमआरसीमध्ये (विमची सेटिंग फाइल) आय-नोरीमॅपने फक्त इन्सर्टमधल्या एफ१ ला एस्केप करा. नॉर्मल मोडमधलं (कमांड द्यायचा मोड) तसंच राहू द्या. मदतीत दुव्यावर कंट्रोल-उजवा चौकोनी कंस, परतायला कंट्रोल-टी.

सी शिकवत असाल तर शिफ्ट-के आधी दाखवा. प्रिंटएफवर नुसतं शिफ्ट-के दाबलं की शेलच्या प्रिंटएफचं मॅन (मॅन्युअलचं) पान येतं. आधी ३ दाबून शिफ्ट-के दाबा, सीचं फंक्शन मिळेल. त्यासाठी ‘मॅनपेजेस-डेव्ह’ पॅकेज लागतं.

संत्री_शेल
बरं, ट्रान्सलेट मागे घेतो. टर्मिनल एफ१ गिळतं त्यासाठी: ग्नोम टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये शॉर्टकट्स, त्यात हेल्पखालच्या कंटेंट्सवर क्लिक करून बॅकस्पेस दाबा, ते बंद होईल. हे प्रत्येक युझरच्या खात्यात करावं लागेल. मग शेलमध्ये कंट्रोल-व्ही आणि एफ१ दाबून बघा, कॅरेट-कंस-ओ-पी (^[OP) असं काहीतरी उमटलं म्हणजे बटण आतपर्यंत पोचतंय.

बर्डीचा_बग
ग्नोमचं जमलं, एफ१ पोचून राहिलं. दोन लॅपटॉपवर मात्र एफ१ ने आवाज बंद होतो.

हेल्पमॅप
एफएन धरून एफ१ दाबायला सांगा. एफएन-एस्केपने एफएन लॉक होतं का तेही बघा, अनेक मॉडेलवर होतं. नसेल तर बायॉसमध्ये ‘ॲक्शन कीज’ किंवा ‘हॉटकी मोड’ नावाचा पर्याय शोधून बंद करा.