निटी ग्रिटी डर्ट बँड: दुसरा ‘सर्कल’ घ्यावा का?

म्हापशेकर:
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुंगटां (कोळंबी) घ्यायला गेलो आणि निटी ग्रिटी डर्ट बँड या अमेरिकन कंट्री-लोकसंगीतवाल्या बँडच्या ‘विल द सर्कल बी अनब्रोकन, व्हॉल्यूम टू’ची कॅसेट घेऊन आलो. बायकोचं बोलणं खाल्लं ते वेगळंच. त्यात पावसाळ्यात टेपला बुरशी धरलेली, दोन गाण्यांनंतर घरघर. सीडी शोधू का? १९७२चा पहिला भाग पाठ आहे. तोच बरा, असं मित्र म्हणतो.

फोंड्याचा पेटीवाला:
मित्राचं अर्धंच ऐक. पहिल्यात मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, अर्ल स्क्रग्ज असे कंट्रीतले जुनेजाणते. बँडची पोरं या वडीलधाऱ्यांपुढे बसलेली. १९८९पर्यंत ती पोरंच मुरलेली, त्यामुळे पाहुण्यांत कंट्रीतला जॉनी कॅशही आणि बर्ड्स या रॉक बँडचे रॉजर मॅग्विन, ख्रिस हिलमनही. आमच्या भजनी सप्ताहात पेडण्याचा बुवा येतो तेव्हा यजमान टाळ धरून मागे सरकतात ना, तसा हा बँड मागे सरकतो. ब्रूस हॉर्न्सबीचं ‘व्हॅली रोड’ ऐक. मूळ पियानोचं पॉप गाणं, इथे बँजो लागला आणि ब्लूग्रासचं, म्हणजे बँजो-फिडलवाल्या कंट्रीचं, ग्रॅमी घेऊन गेलं!

म्हापशेकर:
पेटीवाले बाब, पण आवाज जरा जास्तच घासूनपुसून नाही का?

फोंड्याचा पेटीवाला:
आहे. पहिल्यात वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस हे दोन गिटारवाले पहिल्यांदा भेटतात ते बोलणंसुद्धा टेपवर ठेवलंय, ती ऊब इथे कमी. तरी घे.

मडगावकरीण:
२००२चा तिसराही आहे हां. आणि सुंगटांचं काय झालं?