अल्सा ड्रायव्हरचा पॅच तपासताना: इंटरप्टमधलं लॉक कुठे सोडायचं?

ध्वनिलहर
लिनक्स कर्नलमधल्या अल्सा (आवाज सांभाळणारा भाग) अंतर्गत एका पीसीआय साउंड कार्डाच्या ड्रायव्हरवर पॅच (कोडमधला बदल) आलाय. इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने इशारा दिला की चालणारं फंक्शन) चिपचं स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत सीपीयूला जागीच थांबवणारं कुलूप) घेतो, स्टेटस रजिस्टर वाचतो आणि लॉक धरूनच पीरियड_इलॅप्स्ड (बफरचा एक तुकडा संपल्याचं अल्साला कळवणारं फंक्शन) बोलावतो. ट्रिगरही (स्ट्रीम सुरू किंवा बंद करणारा कॉलबॅक) तेच लॉक घेतो आणि स्टॉप आल्यावर डीएमए (हार्डवेअरने मेमरीतून थेट डेटा उचलणं) थांबावा म्हणून १० मिलिसेकंदांचा एमस्लीप करतो, म्हणजे तेवढा वेळ झोपतो. पॉइंटर कॉलबॅकमध्ये (हार्डवेअर बफरमध्ये कुठे पोचलं ते फ्रेम्समध्ये सांगणारा) बाइट्सचा आकडा सरळ २ बिट उजवीकडे सरकवलाय, म्हणजे ४ ने भागलाय. पल्सऑडिओवर (अल्सावर चालणारा ध्वनी सर्व्हर) बराच वेळ गाणी वाजवली, सगळं नीट चाललं, असं पाठवणाऱ्याचं म्हणणं. काय अडवावं?

कर्नलकट्टा
पहिली गोष्ट, लॉक धरून पीरियड_इलॅप्स्ड बोलावणं, आधी अडवा, मशीन गोठवणारी तीच आहे. अल्सा ट्रिगरला बोलावतं तेव्हा स्ट्रीम लॉक (त्या स्ट्रीमचं अल्साचं स्वतःचं लॉक) घेतलेलं असतं, म्हणजे तिथे क्रम स्ट्रीम, मग चिप. या हँडलरमध्ये तो उलटा झालाय, कारण पीरियड_इलॅप्स्ड स्वतः स्ट्रीम लॉक घेतं. दोन सीपीयू एकाच वेळी या दोन वाटांनी आले की दोघेही अडकतात.

त्याहून वाईट म्हणजे एका सीपीयूवरही हे अडकतं. बफर रिकामा पडला (एक्सरन) की पीरियड_इलॅप्स्डच्या पोटातूनच ट्रिगर स्टॉप येतो आणि तो आधीच धरलेलं चिपचं लॉक पुन्हा मागतो. ड्रेन (उरलेला बफर वाजवून थांबणं) संपतानाही तेच. पल्सऑडिओ स्टॉप थ्रेशोल्ड (कितपत रिकामं झालं की थांबायचं ती मर्यादा) बाउंडरीवर, म्हणजे कधी न गाठल्या जाणाऱ्या आकड्यावर, ठेवतो, त्यामुळे एक्सरनने स्ट्रीम थांबतच नाही. म्हणून त्या चाचणीत हे दिसलं नाही.

एप्ले (अल्साचा साधा प्लेअर) थेट हार्डवेअर डिव्हाइसवर लावा आणि मध्येच कंट्रोल-झेड दाबा, म्हणजे तो थबकेल आणि बफर रिकामा पडेल. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारी कर्नलची सोय, कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग) चालू ठेवला तर गोठण्याची वाटही पाहावी लागत नाही. दोन्ही क्रम एकेकदा दिसले की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) सर्क्युलर लॉकिंगचा इशारा येतो.

दुरुस्ती सोपी आहे: स्टेटस वाचून इंटरप्ट क्लिअर करा, लॉक सोडा, मग पीरियड_इलॅप्स्ड बोलवा.

आठबिट
एमस्लीपही जाऊ देऊ नका. ड्रायव्हरने नॉनअॅटॉमिक झेंडा लावलेला नसेल तर ट्रिगर अॅटॉमिक असतो, म्हणजे स्पिनलॉक धरून चालतो, तिथे झोपता येत नाही. प्रीएम्प्शन मोजणी (कोड अॅटॉमिक आहे का हे कळण्यासाठीचा आकडा) नसलेल्या कर्नलवर इशाराही येत नाही, तेव्हा कॉन्फिग_डीबग_अॅटॉमिक_स्लीप लावूनच तपासा. ट्रिगरमध्ये फक्त डीएमएचा बिट खाली करायचा, थांबण्याची वाट सिंक_स्टॉप कॉलबॅकमध्ये पाहायची (कर्नल ५.५ पासून आहे). प्रीपेअर, एचडब्ल्यू_पॅरॅम्स आणि एचडब्ल्यू_फ्री (स्ट्रीमची तयारी, मांडणी आणि बफर मोकळा करणं) यांच्याआधी अल्सा तो स्वतः बोलावतं, त्यामुळे डीएमए चालू असताना बफर मोकळा होण्याचा धोका टळतो.

ध्वनिलहर
आणि पॉइंटर? १६ बिट स्टीरिओवर बरोबर वाजतंय.

कर्नलकट्टा
वाजणारच, तिथे एक फ्रेम (सगळ्या चॅनेलचा एकेक नमुना) ४ बाइट्सची असते. ३२ बिट स्टीरिओला ८ लागतात. बफर ४०९६ फ्रेम्सचा धरा: हार्डवेअर २०४८ व्या फ्रेमवर पोचलं की हा कोड ४०९६ सांगतो. ४८ किलोहर्ट्झला ही वेळ साधारण ४२.७ मिलिसेकंदांनी येते. मग अल्सा "इनव्हॅलिड पोझिशन" छापून जागा शून्य धरतं आणि आवाज तुटतो. १६ बिट मोनोला उलट, खऱ्या जागेच्या निम्मी सांगितली जाते. बाइट्स_टू_फ्रेम्स (फॉरमॅटनुसार बाइट्सच्या फ्रेम्स काढणारं फंक्शन) वापरायला सांगा.

आठबिट
आणखी एक: लॉक, एमस्लीप आणि पॉइंटर या दुरुस्त्यांचे तीन वेगळे पॅच करून मागा. जुन्या स्थिर कर्नलांत फक्त लॉकची दुरुस्ती न्यायची झाली तर एकत्र कमिट सोडवत बसावं लागेल. लॉकची चूक आधीच्या कमिटमधून आली असेल, तर त्याच्या आयडीची पहिली १२ अक्षरं फिक्सेस टॅगमध्ये (कोणत्या कमिटची चूक दुरुस्त केली ते सांगणारी ओळ) हवीत. पॅचची नवी आवृत्ती आली की गिट रेंज-डिफ (दोन आवृत्त्यांची तुलना) चालवा, म्हणजे नेमकं काय बदललं तेवढंच वाचावं लागेल.