एका शहरात चार तऱ्हेचे लोक आणि माझ्याकडे शब्द एकच!

कच्चा खर्डा (धागालेखिका)

मध्ययुगीन युरोपातल्या शहरजीवनावरचं एक माहितीपर पुस्तक मराठीत आणतेय. पहिली तीन प्रकरणं मैत्रिणीला वाचायला दिली, तर तिने पेन्सिलीने प्रत्येक 'नागरिक'भोवती गोल काढून कागद परत केले. एका पानावर नऊ गोल. खाली एकच प्रश्न: "हे सगळे एकच आहेत का?"

नाहीत ना, तीच तर गोची आहे. मुळात चार वेगळे शब्द आहेत. बर्गेस म्हणजे शहराचे हक्क मिळालेला, कारभारात ज्याचा शब्द चालतो असा. इनहॅबिटंट म्हणजे नुसता राहणारा. डेनिझन हा बाहेरदेशचा, पण राजाच्या सनदेने थोडेफार हक्क मिळालेला. ना पुरता परका, ना पुरता आपला. आणि चौथा व्हिलन! खलनायक नव्हे, धन्याच्या जमिनीला बांधलेला भूदास. तो पळून शहरात आला आणि वर्ष नि एक दिवस धन्याच्या हाती न लागता राहिला, की बऱ्याच शहरांत मोकळा होई. या वरच्या एका दिवसावर अख्खं प्रकरण आहे, आणि तिथे मी लिहून बसलेय, "नागरिक शहरात येऊन नागरिक झाला."

नगरवासी लिहून पाहिलं, पण लगेच दवंडी ऐकू येते. रहिवासी म्हटलं की नोटीस बोर्ड दिसतो. काय करू?

खोडरबर

मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं, तेव्हा आधी खोड काढतो. 'नागरिक'मधला रि ऱ्हस्व, सामाजिक-धार्मिकसारखा. 'नागरीकरण'मधला री मात्र दीर्घ, कारण 'करण' लागताना आधी दीर्घ ई येते, एकत्रीकरणसारखी. एकाच पानावर दोन्ही आले की हमखास कोणीतरी एकाला दुसऱ्यासारखं 'सुधारतं'.

दुसरं, रहिवासी एकटा असला की 'सी', विभक्ती लागली की 'शा': रहिवाशाला, रहिवाशांचा. प्रवासी-प्रवाशाला, संन्यासी-संन्याशाला तसंच. पण आदिवासी घ्या, तिथे बहुतेक जण 'आदिवासींना'च लिहितात, 'आदिवाशांना' क्वचित. का, ते विचारू नका. मीही तसंच सोडत आलो.

तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे, ठाऊक आहे.

पोथीनिष्ठ

बर्गेसला 'पौर' म्हणा. पुरात राहणारा तो पौर. संस्कृतात पौर आणि जानपद अशी जोडीच आहे, शहरातले आणि मुलखातले. मराठीत एकटा पौर बोलण्यातून गेला, पण 'महापौर' रोज वर्तमानपत्रात असतो, त्यामुळे वाचकाला अर्थ लागेल. 'नागरिक' इथे नकोच. आज तो शब्द देशाला बांधलाय. संविधानाचे ५ ते ११ हे अनुच्छेद नागरिकत्वाचे, आणि ते देशाच्या नागरिकत्वाचे, शहराच्या नव्हे.

राहण्याचा आणि हक्काचा संबंध किती पातळ असतो हे आपल्या जुन्या कागदांतही दिसतं. मराठेशाहीतल्या गावात मिरासदार आणि उपरी असे दोन कसणारे. मिरासदार अनेक वर्षं परागंदा असला तरी परत येऊन जमिनीवर वतनी हक्क सांगू शके. उपरी तिथेच रोज राबत असला तरी उपरीच. म्हणजे गावात नसलेला गावचा, आणि असलेला बाहेरचा! पण म्हणून बर्गेसला मिरासदार करू नका हं. तो शब्द शेतीचा आहे आणि वाचक थेट पाटलाच्या चावडीवर जाऊन बसेल.

अवांतर: व्हिलनचा खलनायक झाला त्याचं नवल वाटायला नको. मुळात लॅटिनमधला मळ्यावरचा माणूस तो. आपल्याकडेही 'ग्राम्य' म्हणजे असभ्य, काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष. उलट कामसूत्रातला 'नागरक' म्हणजे नीटनेटका, रसिक गडी. गावंढळ आणि खेडवळ तर विचारूच नका. शब्दांना अर्थ चिकटवणारे सगळे शहरात बसलेले, दुसरं काय.

शेवटचा बाक

आणि 'कर' कोणी लिहिलाच नाही? मुंबईकर म्हणजे मुंबईत राहणारा. पण सातारकर आडनावाचा माणूस साताऱ्यात असेलच असं नाही. गावात सगळेच त्या गावचे, तिथे कोण कोणाला सातारकर म्हणेल? बाहेर पडलं की मागे नाव लागतं. एकच प्रत्यय, एकदा 'इथे राहतो' आणि एकदा 'तिथून निघाला'.

तुमच्या पळालेल्या भूदासाला असंच गावाचं नाव लावा की.

कच्चा खर्डा

@शेवटचा बाक, नको हो! धनी शोधत असताना त्याला गावाच्या नावाने हाक मारली तर पकडलाच जाईल. वर्षभर तरी नाही.

@पोथीनिष्ठ, पौर घेतला. पहिल्यांदा येतो तिथे 'शहराचे हक्क असलेला, म्हणजे पौर' असं वाक्यातच सांगून टाकलं, तळटीप नाही. इनहॅबिटंटला रहिवासी, नोटीस बोर्ड तर नोटीस बोर्ड. भूदासाला भूदास. डेनिझनला आधी 'उपरा' लिहिलं होतं, पण उपरा म्हटलं की हक्क नसलेला, आणि याच्याकडे तर सनद आहे. म्हणून 'सनदी परदेशी'. जरा जड आहे, पण मुळातही तो माणूस कागदामुळेच ओळखला जातो.

ते वाक्य आता असं आहे: "भूदास पळून शहरात आला, वर्ष नि एक दिवस लपून राहिला आणि मोकळा झाला. पौर मात्र अजून झाला नव्हता." दुसरं वाक्य मूळ पुस्तकात नाही, पण पुढच्याच पानावर लेखक तेच सांगतो: मोकळं होणं वेगळं, शहराचे हक्क मिळणं वेगळं. माझ्या 'नागरिक'ने दोन्ही एकाच झटक्यात देऊन टाकलं होतं.

@खोडरबर, मैत्रिणीने सुधारलेलं पान पाहिलं. या वेळी एकच गोल: 'नागरीक'. माझाच.