दिवाळीच्या किल्ल्यावर कागदी मावळे: स्पर्धेत गुण मिळायलाच हवेत

करवीर_कात्री

गेल्या दिवाळीत आमच्या भागातल्या एका किल्ले स्पर्धेत पोरांनी पन्हाळ्याचा वेढा उभा केला होता. तीन दरवाजा, तटबंदी, खाली सिद्दी जौहरची छावणी, पलीकडं विशाळगडाची वाट. माणसं सगळी कागदाची. जाड कागदावर छापलेली, पुढची-मागची बाजू जुळवून चिकटवलेली, कातरलेली, पायाशी लोखंडी वॉशर लावून उभी केलेली. मूर्तींसाठी राखून ठेवलेल्या गुणांपैकी एकही गुण त्यांना मिळाला नाही. कारण सांगितलं, "ही चित्रं आहेत, मूर्ती नव्हेत."

मला हे अजिबात पटलेलं नाही. कागदी सैनिक म्हणजे मातीचा परवडला नाही म्हणून केलेली सोय नव्हे. ती स्वतंत्र कला आहे, आणि किल्ल्यासाठी मला ती जास्त योग्य वाटते.

मापाचंच बघा. छोटे सैनिक करायच्या छंदात २८ मिलिमीटर हे माप जगभर चालतं. म्हणजे साडेपाच फुटी माणूस साधारण साठपट लहान केलेला. त्याच हिशेबानं वीस फुटी दरवाजा चार इंचांचा होतो. आता त्या दरवाजात बाजारातला चार इंची मावळा उभा करा. तो कमानीला डोकं टेकवतो, आणि सिंहासनावरचे महाराज तर बुरुजाच्याही वर जातात. पोरं महिनाभर नकाशा बघून तट वळवतात, चढ-उतार मोजतात आणि शेवटी वर असा मावळा ठेवला की सगळी मेहनत बुजगावण्याच्या शेतासारखी दिसायला लागते.

दुसरं, संख्या. वेढा हजारोंचा होता. विकतच्या दहा-बारा मूर्तींत वेढा दिसत नाही. ए-४ कागदावर पंचवीसेक सैनिक सहज बसतात.

आणि हे काही आजचं खूळ नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला अठराव्या शतकात छापील सैनिकांची पानं निघायची, लोक ती रंगवून, कापून पलटणीच्या पलटणी उभ्या करायचे. एपिनाल गावात पेलरँ यांचा छापखाना १७९६ साली निघाला, तिथूनही अशी पानं घरोघर गेली. आज पीटर डेनिस हा इंग्रज चित्रकार कापून उभ्या करायच्या सैन्यांची पुस्तकं काढतो. आपल्याकडं दरवर्षी गल्लोगल्ली किल्ले होतात, मग आपले मावळे कागदावर का नकोत?

चाकावरची_माती

दादा, पोरांचं कौतुक हाय, ते मी बी करतो. पण तुमच्या मागणीला माझा विरोध हाय, आणि तो सांगायला पायजे.

आमचं घर कुंभारवाड्यातलं. गणपती झाले, नवरात्रातल्या देवी गेल्या, की दिवाळीपर्यंतचे दिवस मावळ्यांचे. साच्यातनं निघालेल्या मावळ्याच्या दोन्ही अंगांना शिवण येते. ती चाकूनं खरवडायची, ओल्या फडक्यानं पुसायची, वाळला की पांढरा हात द्यायचा. मग अंगाचा रंग, मग कपडे, मग पागोटं. डोळे सगळ्यात शेवटी. आमच्यात डोळे आई काढते, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देत न्हाई. तिनं डोळे काढलेला मावळा आणि नुसता रंगवलेला मावळा शेजारी ठेवा, लांबनं बी फरक कळतो.

आता तुम्ही म्हणता छापा आणि कापा. पैसा गेला कुठं? शाईच्या कंपनीला. कागदी मावळ्याला गुण द्यायला लागले की दोन वर्षांत सगळी मंडळं तिकडंच वळणार, कारण एकदा फाइल मिळाली की परत परत छापता येते. आमचा साचा बी परत वापरता येतो, मान्य. पण परत हात लावल्याशिवाय त्यातनं मावळा उठत न्हाई.

मापाचं म्हणाल तर लहान मूर्ती मागा की. मागणारं कोण येतंय? समदी येऊन म्हणतात, "मोठा द्या, उठून दिसला पायजे."

पंचगंगा_पार

लई भारी विषय. मी कात्रीच्या बाजूचा. आमच्या पोरानं स्वतः कापलेला मावळा वर्षभर जपलाय, विकतच्याचा हात दिवाळीतच तुटला.

जाड_कागद

मी छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सांगतो. कात्रीदादांचं म्हणणं मला आवडलं, पण "स्वस्त आणि सोपं" असं चित्र कुणी उभं करत असेल तर ते खरं नाही. त्या पोरांच्या मावळ्यांत कष्ट नाहीत असं मानणारा परीक्षकही चुकीचा.

मावळा पुढून आणि मागून असा एकाच पट्टीवर छापतात. मागची आकृती उलटी, डोक्याला डोकं लावून. मधे घडी. घडी अर्धा मिलिमीटर सरकली की पुढच्याची तलवार मागच्याच्या ढालीबाहेर डोकावते. म्हणून घडी घालायच्या आधी रेघेवर रिकाम्या बॉलपेननं पट्टी लावून दाब द्यायचा. कागदालाही उभा-आडवा धागा असतो. धाग्याच्या दिशेनं घडी सरळ बसते, आडवी घातली की कडेला फुटून पांढरी पडते.

घरी १६० ते २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. दोन थर चिकटले की तो ताठ होतो. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड दुमडून घेऊ नका. पोराची बोटं दुखतात आणि भाल्याच्या टोकाशी कात्री वळत नाही. लेझर प्रिंटचा रंग कागदाच्या वर बसतो, त्यामुळं घडीवर तडकतो. इंकजेटचा रंग कागदात मुरतो, पण पाण्याचा थेंब पडला की पसरतो. पातळ केलेला फेव्हिकॉल लावला की कागद बाक धरतो. त्यापेक्षा काडीचा गोंद लावा आणि रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा. छापताना माप शंभर टक्के ठेवा. "पानात बसवा" हा पर्याय तसाच राहिला तर सगळं सैन्य थोडं आखूड होतं आणि वॉशरवर बसायची पट्टीही चुकते.

शेवटचं काम सगळे विसरतात. कापलेल्या कडेवरून काळं किंवा तपकिरी स्केचपेन फिरवायचं. ती पांढरी कड झाकली की दोन हातांवरून कागद आहे हे ओळखू येत नाही.

हे सगळं नीट करणाऱ्या पोराला शून्य गुण देणं अन्याय आहे. पण चाकावरची_माती यांच्या आईच्या हाताची बरोबरी माझं मशीन करणार नाही, हेही तितकंच खरं.

फळ्यावरची_ताई

मी शाळेत इतिहास शिकवते. माझा विरोध कागदाला नाही, पण इथं ज्यावर कुणी बोललंच नाही त्या गोष्टीला आहे. ही चित्रं येतात कुठून?

गेल्या काही वर्षांत मुलांनी आणलेली पानं मी बघते. नेपोलियनच्या शिपायाच्या टोपीवर पागोटं चिकटवलेलं, कमरेला युरोपी पट्टे, हातात संगिनीची बंदूक. नाहीतर संगणकानं बनवलेला मावळा, ज्याच्या हाताला सहा बोटं. ते छापून उभं केलं की पाहणाऱ्याला वाटतं, १६६० साली असंच होतं. शिवकाळातल्या पायदळाला आजच्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता. आखूड चोळणा, कमरेला शेला, डोक्याला मुंडासं, ढाल, तलवार, भाला, कुणाकडं दांडपट्टा. प्रत्येकाचा वेष थोडा वेगळा. एकच आकृती पंचवीसदा छापली की नेमकं हेच हरवतं. मातीच्या मूर्तींतही ते हरवतं, साचा तोच असतो, पण निदान रंगवणारा हात प्रत्येकाला जरा वेगळा करतो.

आणि पन्हाळ्याचा वेढा करायचा तर एक गोष्ट कुणीच दाखवत नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले होते. त्या छावणीत टोपीवाले गोलंदाज हवेतच. बाजारात ही मूर्ती मिळणार नाही. कागदावर मात्र एक मुलगी ती तासाभरात काढू शकते. शिवा काशीद पालखीत बसून गेले, तो प्रसंगही मी एकाही किल्ल्यावर पाहिलेला नाही.

म्हणून माझं मत असं: कागदाला गुण द्या, पण चित्र मुलांनी स्वतः काढलेलं असेल तरच. कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर कलावंत कागदावरच्या चित्रांतून कथा सांगत आले. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, कागदाला किंवा कापडाला चिंचोक्याची खळ लावून बनत आली. आपल्याकडं कागदाला कमी लेखायची रीत नव्हती, पण तिथं चित्र हाताचं होतं. नुसतं छापून आणलेल्याला कला म्हणायला मी तयार नाही.

शिशाचा_शिपाई

मी धातूचे आणि प्लास्टिकचे सैनिक रंगवतो. सगळं मान्य केलं तरी एक दोष जात नाही. कागदी मावळा बाजूनं बघितला की नाहीसा होतो. किल्ल्याभोवती लोक फिरून बघतात. एका कोपऱ्यावरून पलटण दिसते, दुसऱ्या कोपऱ्यावरून नुसत्या रेघा. शिल्पाला सावली असते. ढालीची सावली छातीवर पडते, ती छापून आणता येत नाही.

करवीर_कात्री

एकेकाला उत्तर देतो.

शिशाचा_शिपाई: तुमच्याच छंदात न्यूरेंबर्गचे चपटे कथलाचे सैनिक आहेत. जेमतेम मिलिमीटरभर जाड, बाजूनं तेही रेघच. तरी लोक ते शंभर-दीडशे वर्षं जपतात आणि त्यांच्यावरची रंगकामं बघायला प्रदर्शनांना जातात. चपटेपणा हा दोष असेल तर तो धातूच्या सैनिकालाही लागू होतो. आणि किल्ल्यावर सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून कधी उभी करायची नसतात. प्रत्येक वॉशर थोडा फिरवून ठेवा, कुठूनही बघितलं तरी निम्मी पलटण दिसते.

जाड_कागद: कडेला रंग द्यायचं तुम्ही सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ते पोरांपर्यंत पोचवतो.

ताई, तुमचं वेषभूषेचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण "स्वतः काढलं तरच" ही अट मला जाचक वाटते. पाचवीतल्या पोराचा हात चित्रात बसलेला नसतो, पण त्याला मांडणी कळते, चढ कळतो, कुणाला कुठं उभं करायचं हे कळतं. विकतची मूर्ती आणणाऱ्या पोराला आपण "तू घडवलीस का?" असं विचारत नाही. मग कागदवाल्यालाच का विचारायचं?

माती दादा, तुमच्याशी मात्र मला नीट बोलायचंय. तुमचं दुखणं खरं आहे, ते मी टाळणार नाही. पण कुंभाराचा माल कमी खपतोय तो कागदामुळं नाही. प्लास्टिकच्या तयार पुतळ्यांनी बाजार भरलाय, आणि किल्ले करणारी घरंच कमी झालीत. वाडे जाऊन अपार्टमेंट आल्या, अंगण गेलं, माती आणायची कुठून आणि टाकायची कुठं? पार्किंगच्या कोपऱ्यात फूटभर जागेत जे पोर किल्ला करतंय ते कागदामुळं करतंय. ते उद्या मोठं झालं की महाराजांची मूर्ती तुमच्याकडूनच नेईल.

चाकावरची_माती

दादा, उद्याच्या गिऱ्हाइकावर आजचं घर चालत न्हाई.

प्लास्टिकचं तुम्ही बोललात ते खरं. त्याला आम्ही बी विरोध करतोय. पण त्याच्यासंगट आणखी एक दार उघडायचं, आणि वर त्याला कलेचा मान बी द्यायचा, हे मला जमणार न्हाई. ताईंची अट मला पटते. पोरानं स्वतः काढला, रंगवला, कापला, तर मी स्वतः त्याला बक्षीस देईन. फाइल छापून आणलेल्याला न्हाई. मूर्तीचे गुण मूर्तीलाच. पायजे तर कागदाचा गट वेगळा करा.

राधानगरी_रोड

पालक म्हणून बोलते. दोन गोष्टी कुणीच धरलेल्या नाहीत. एक, लहान मुलांच्या हातात कटर नको. बोथट टोकाची कात्री द्या आणि भाल्याभोवतीचा भाग मोकळा न कापता तिथं कागद तसाच राहू द्या. दुसरं, परतीचा पाऊस. आमच्या किल्ल्यावर आळीव पेरलेले असतात, त्यावर रोज पाणी शिंपडावंच लागतं. त्या ओलीत कागद दोन दिवसांत मान टाकतो. मातीचा मावळा रंग सोडेल, पण उभा राहील. माझं मत मातीला.

जाड_कागद

राधानगरीच्या ताई, पाण्याचं खरं आहे. उपाय आहे: रंगाच्या दुकानात मिळणारा पारदर्शक स्प्रे लॅकर, लांबून दोन हलके हात, मोठ्या माणसानं आणि उघड्यावर. एकदम जवळून मारला की इंकजेटचा रंग पसरतो. कडेला स्केचपेन मारल्यावरच लॅकर मारा, आधी नको. आणि वॉशर थेट मातीत पुरू नका. खाली पुठ्ठ्याऐवजी फरशीचा तुकडा ठेवा, ओल वर चढत नाही.

फळ्यावरची_ताई

कात्रीदादा, पाचवीतल्या मुलाबद्दल तुम्ही म्हणालात त्याला माझं उत्तर आहे. त्याला कोरी आकृती द्या. फक्त बाह्यरेषा, पुढची आणि मागची. रंग, कपडे, ढालीवरची नक्षी, चेहरा त्यानं भरायचा. एपिनालची पानंही पूर्वी हातानं, स्टेन्सिलमधून रंगवली जायची. मग पंचवीस आकृत्यांचे पंचवीस वेगळे मावळे होतात आणि माझी हरकतही राहत नाही. तयार रंगीत पानाला मात्र माझा विरोध कायम आहे.

करवीर_कात्री

बाह्यरेषेचं पान मला मान्य. या आठवड्यात मी चार आकृत्या काढतो: भालाईत, पट्टेकरी, तिरंदाज आणि तुम्ही म्हणता तो टोपीवाला गोलंदाज. वेषभूषा तुम्ही तपासून द्या, चूक दिसली की स्पष्ट सांगा.

वेगळा गट मात्र नको. वेगळा गट केला की तो कोपऱ्यात जातो, त्याला ढाल मिळत नाही, नुसतं प्रमाणपत्र मिळतं. मूर्तींच्या गुणांऐवजी "माणसं आणि मांडणी" असे गुण ठेवा आणि त्यात माती, कागद, लाकूड, जे असेल ते सारख्याच नजरेनं तपासा. आमच्या मंडळाकडं मी हे लेखी देणार आहे.

चाकावरची_माती

लेखी द्या. मी बी देतो, माझ्या बाजूनं. बैठकीला दोघं समोरासमोर बोलू. येताना तुमचा एक मावळा घेऊन या, मी आईनं डोळे काढलेला आणतो. बघू दे सगळ्यांना.