जुन्या तबकड्यांचं साल कसं ठरवायचं? (वाचनालयाच्या नोंदवहीसाठी)

अंत्रुजकार:
फोंड्यातल्या एका वाचनालयाला देणगीत चाळीसेक तबकड्या मिळाल्या आहेत. बहुतेक ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या), लाखेच्या, दहा-बारा एलपी (३३⅓ फेऱ्यांच्या, व्हिनाइलच्या). केसरबाई केरकर, मास्टर दीनानाथ, इतर नाट्यपदं, आणि 'कॉल ऑफ द व्हॅली' या वाद्यसंगीताच्या एलपीच्या दोन प्रती, क्रमांक एकच पण कव्हरची छपाई वेगळी. नोंदवहीत 'साल' असा रकाना आहे आणि घोडं तिथंच अडलं आहे. ७८ च्या लेबलांवर साल नाही, आणि इंटरनेटवर एकाच चिजेला तीन-तीन सालं सापडतात. शिवाय चतुर्थीच्या आत सगळ्यांच्या डिजिटल प्रती करायच्या आहेत. टर्नटेबलला ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत, आणि काही पाकिटांना बुरशी धरली आहे. सुरुवात कुठून करू?

तबकडी७८:
आधी तो 'साल' रकाना मोडा आणि त्याचे तीन करा: गायन मुद्रित झालं ते साल, तबकडी पहिल्यांदा बाजारात आली ते साल, आणि तुमच्या हातातली प्रत छापली गेली ते साल. इंटरनेटवरची तीन सालं बहुधा हीच तीन असतात, एकमेकांत मिसळलेली.

केसरबाईंचंच उदाहरण घ्या. भैरवीतली 'जात कहाँ हो' नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. ती यानं १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उडाली. म्हणून त्या गाण्यापुढे कुणी १९७७ लिहिलं तर ते साफ चूक. ते एका नव्या तबकडीत समावेश झाल्याचं साल आहे. (ती तबकडी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची आहे आणि १६⅔ वेगाने फिरवायची आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केरीच्या केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. आपल्या अंत्रुज महालाचा, म्हणजे फोंड्याचा, सूर पृथ्वी सोडून गेला, आणि त्यानंतर अकराच दिवसांनी बाई गेल्या.)

आता तबकडी हातात घ्या. तिच्यावर दोन वेगळे क्रमांक असतात. लेबलावर ठळक छापलेला असतो तो विक्रीचा क्रमांक: एचएमव्हीच्या दहा इंची तबकड्यांवर बहुधा 'एन' आणि पुढे आकडे, कोलंबियावर 'जीई', ट्विनवर 'एफटी'. दुसरा असतो मॅट्रिक्स क्रमांक, लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला, कधी लेबलावरही बारीक छापलेला. मॅट्रिक्स हा त्या बाजूच्या मुद्रणाचा जन्मक्रमांक. कंपनीने तेच मुद्रण पुढे दुसऱ्या नावाखाली विकलं तर विक्रीचा क्रमांक बदलतो, मॅट्रिक्स तोच राहतो. म्हणून दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स, रोमन अक्षरं आहेत तशी, ठिपके आणि शेवटच्या आकड्यासकट उतरवा. टॉर्च तिरपी धरली की कोरीव अक्षरं सावलीत उठून दिसतात.

त्यावरून काळ कसा काढायचा? लेबलावर हॅनोव्हरची छपाई असेल तर तबकडी जर्मनीत दाबलेली, म्हणजे साधारण १९०८ च्या आधीची. त्या साली कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला. दमदमचा कारखाना १९२० च्या दशकाच्या अखेरचा, त्यामुळे 'दमदम' छापलेली प्रत त्याआधीची असूच शकत नाही. विजेवरचं मुद्रण १९२५ पासूनचं. एचएमव्हीच्या तबकडीवर मॅट्रिक्सशेजारी छोटा त्रिकोण असेल तर ते वेस्टर्न इलेक्ट्रिक पद्धतीचं, चौकोन असेल तर १९३१ नंतरच्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचं. कानालाही फरक कळतो. विजेच्या आधीच्या, कर्ण्यातून घेतलेल्या मुद्रणात तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तबल्याचा बायां गायब असतो.

नेमकं साल नाही मिळालं तर 'अंदाजे १९३०–३५' असं लिहा आणि अंदाज कशावरून, तेही शेजारी लिहा. पुढच्या माणसाला तो अंदाज तपासता येतो. नुसतं १९३२ लिहिलं तर तो आकडा कायमचा चिकटतो.

अंत्रुजकार:
देव बरें करूं. दीनानाथांच्या एका तबकडीवर 'मानापमान' छापलं आहे. तिथे १९११ लिहू का?

तबकडी७८:
नको. १९११ हे नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचं साल आहे. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा. प्रयोग झाला तेव्हा मंगेशीचा हा मुलगा दहा वर्षांचा होता. बलवंत संगीत मंडळी ही त्यांची नाटक कंपनी निघाली १९१८ साली, आणि दीनानाथ गेले एप्रिल १९४२ मध्ये. मुद्रणाची शक्य मर्यादा इथेच बरीच आखडते, बाकीचं मॅट्रिक्सवरून. नाट्यपदांत ही चूक फार होते. 'मत्स्यगंधा' १ मे १९६४ रोजी रंगमंचावर आलं म्हणून त्यातल्या पदांच्या प्रत्येक तबकडीपुढे १९६४ लिहिणं हाही तोच प्रकार. नाटकाच्या सालासाठी वेगळा चौथा रकाना ठेवा.

काळी_दोन:
डिजिटल प्रतींबद्दल. ७८ ला एलपीची सुई लावू नका. एलपीची सुई साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची ३ मिल. एलपीची सुई ७८ च्या रुंद चरात तळाला जाऊन खरडते आणि तिथली धूळच वाजवते. ३ मिलची सुई भिंतींवर टेकते. वजन ३ ते ५ ग्रॅम. या तबकड्या चावीच्या ग्रामोफोनवर मात्र एकदाही लावू नका, तिथे सुईवर कितीतरी पट भार असतो.

टर्नटेबलला ७८ नसलं तरी अडत नाही. ४५ वर वाजवून मुद्रित करा आणि संगणकात वेग १.७३३ पट करा, म्हणजे ७३.३ टक्के वाढ; ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ४५ वरून ७८ ची सोय आहे. वाकलेली तबकडी ४५ वर उलट नीट चालते. मात्र प्री-अ‍ॅम्प्लिफायर मधे असेल तर त्याचा आरआयएए वक्र (तबकडी कापताना कमी-जास्त केलेले खालचे-वरचे स्वर वाजवताना पूर्ववत करणारा ठरीव हिशेब) ४५ च्या हिशेबाने लागतो आणि वेग वाढवल्यावर खालचे-वरचे स्वर बिघडतात. आधी तो वक्र सॉफ्टवेअरमध्ये उलटा लावून काढा, मग वेग वाढवा, मग आवश्यक तो वक्र द्या. आरआयएए हा सर्वमान्य झाला तोच १९५४ च्या सुमारास. ७८ च्या बहुतेक तबकड्या त्याआधीच्या, वेगवेगळ्या वक्रांच्या. मुद्रण स्टिरिओत, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. नंतर डावा-उजवा एकत्र केला की उभ्या हालचालीची खरखर बरीच कटते. चराची एक बाजू जास्त झिजली असेल तर चांगली एकटीच ठेवा. मूळ फाइलवर खरखर काढण्याचं कुठलंही फिल्टर चालवायचं नाही. तंबोऱ्याची आस आणि खरखर एकाच पट्ट्यात असतात, एक काढताना दुसरी जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: '७८' हा आकडा नेहमी खरा नसतो. सुरुवातीच्या तबकड्या ७४ ला, ८० लाही कापलेल्या आहेत. ७४ ची तबकडी ७८ वर लावली तर स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या जवळ जातं, ताना घाईच्या वाटतात, आवाज बारीक होतो. अशा चुकीच्या प्रती ऐकूनच जुने गायक ऐकणाऱ्यांना चमत्कारिक वाटतात. एक अर्धस्वर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के, ७८ वर साडेचार फेरे. साथीला हार्मोनियम किंवा ऑर्गन असेल तर सोपं: 'सा' दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकला की वेग चुकला आहे. जुन्या पेट्यांची जुळणी थोडी इकडेतिकडे असते, तेव्हा चार-पाच सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वाद घालू नका. सारंगीच असेल तर त्याच गायकाच्या, जवळच्या मॅट्रिक्स क्रमांकांच्या तबकड्या शेजारी ठेवून पट्टी जुळते का बघा. आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायला टर्नटेबलवर ठेवायची रेघांची चकती) स्थिर दिसली की ७७.९२, आणि १८० रेघांची ३३⅓. ही खूण साध्या बल्बखाली किंवा निऑन दिव्याखालीच बघा, बऱ्याच एलईडी दिव्यांत ती दिसतच नाही. कुठला वेग धरला आणि का, ते प्रत्येक फाइलबरोबर लिहा.

म्हार्दोळची_बाय:
बुरशीबद्दल, कारण आता पाऊस आहे. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल किंवा स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते आणि चर कायमचे पुसट होतात. व्हिनाइलच्या एलपीला पातळ आयसोप्रोपाइल चालतं, म्हणून लोक गफलत करतात. लाखेसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात साध्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रश चरांच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने, लगेच सुती कापडाने टिपून उभी वाळवा. लेबल कोरडंच राहिलं पाहिजे. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार चरातच राहतो. बुरशीने लाख खाल्लेली असेल तिथली खरखर धुऊन जात नाही.

जुनी पाकिटं टाकू नका, त्यांवर दुकानांचे शिक्के असतात आणि तेही पुरावेच. वेगळी वाळवून, फोटो काढून ठेवा. तबकड्या नव्या कागदी पाकिटात, उभ्या, भिंतीपासून चार बोटं दूर. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात किंवा तडकतात. प्लास्टिकच्या पिशव्या पावसात काढून टाका, ओल आत कोंडते.

तबकडी७८:
'कॉल ऑफ द व्हॅली' राहिलं. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा, हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर. १९६७, एचएमव्हीसाठी निर्मिती जी. एन. जोशी यांची. स्टिरिओचा क्रमांक ईसीएसडी २३८२. इतकी वर्षं खपल्याने तोच क्रमांक ठेवून पुन्हा पुन्हा छापली गेली, त्यामुळे दोन कव्हरं असणं स्वाभाविक आहे. कव्हरवर विसंबू नका, कव्हरं अदलाबदल होतात. कंपनीचं नाव बघा: नावात 'ऑफ इंडिया' आलेली छपाई १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतरची. कोऱ्या पट्ट्यातलं मॅट्रिक्स दोन्ही प्रतींत सारखं असेल तर कापणी (मूळ चर कोरण्याचं काम) एकच, छपाई दोन. शेवटचा आकडा वेगळा असेल तर कापणीच नवी, तेव्हा दोन्हींची डिजिटल प्रत करा. आणि १९९५ च्या सीडीवरून यादी उतरवू नका, तिच्यात मूळ एलपीत नसलेल्या जादा चिजा आहेत. मूळ क्रम अहिर भैरव-नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी: गुराख्याचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस. नोंदवहीत तोच क्रम ठेवा, बाजू कुठे बदलते त्या खुणेसकट.