फुंकणी स्वतः चालवता यायलाच हवी असं नाही

काच फुंकता येत नसेल तर संग्रहालयाच्या स्टुडिओतल्या रेसिडेन्सीला (कलाकाराला काही दिवस तिथे काम करू देणाऱ्या उपक्रमाला) अर्ज करावा का, असं वर विचारलंय. जरूर करा! अमेरिकेतल्या टॅकोमाच्या 'म्युझियम ऑफ ग्लास'मध्ये चित्रकार आणि शिल्पकारही बोलावले जातात. फुंकणी स्टुडिओचा चमू सांभाळतो, आराखडा आणि निर्णय कलाकाराचे.

रेखाटन मात्र मूळ मापात न्या. ते बरेचदा जमिनीवर खडूने काढतात, म्हणजे फुंकणी फिरवता फिरवता कारागिराला माप पडताळता येतं.

दिवसांचं गणित चुकतं ते अ‍ॅनीलरमुळे, म्हणजे तयार काच सावकाश निववणाऱ्या भट्टीमुळे. सोडा-लाइम काच (नेहमीच्या वापरातली) साधारण ४८० ते ५१० अंश सेल्सिअसला स्थिरावू देऊन मग सावकाश निववावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो. जाडी दुप्पट झाली की निववण्याचा वेळ ढोबळमानाने चौपट. पातळ पेला दुसऱ्या दिवशी हाती येईल, मुठीएवढा भरीव गोळा कित्येक दिवस घेईल. म्हणून जाड कामं पहिल्याच दिवशी उरकावीत, हे माझं ठाम मत.

स्वतःचे रंग नेणार असाल तर स्टुडिओच्या काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर ती किती प्रसरण पावते तो आकडा, आधी विचारा. ९६च्या काचेवर १०४चा रंग चढवला तर वस्तू तडकते, कधीकधी अ‍ॅनीलरमधून धड बाहेर आल्यानंतरही. आणि कान, दांडे जोडायचे असतील तर ते भाग आधी करून सुमारे ५०० अंशांच्या पेटीत गरम राखायला सांगा. थंड तुकडा तापल्या काचेला भिडला की तडकलाच.