मानेचं बुशिंग: किती थाऊ कमी घ्यायचं, आणि मुळात घ्यायचं का?

पितळप्रेमी

समोर दहा पुंगळ्या (रायफलच्या काडतुसाची रिकामी पितळी आवरणं, जी पुन्हा भरून वापरतात) ठेवून लिहितोय. सगळ्या ३०८ विंचेस्टरच्या, एकाच लॉटच्या, पाच-पाच वेळा भरून झालेल्या. मानेवरून (बुलेट बसते तो वरचा अरुंद भाग) नख खाली नेलं की खांद्याच्या जरा वर एक बारीक पायरी लागते. बुशिंगनं (डायमधलं, म्हणजे पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातलं, बदलता येणारं कडं) मान तिथपर्यंतच दाबलीय. त्याखालचा इंचाच्या सोळाव्या भागाएवढा पट्टा चेंबरमध्ये (नळीतली काडतुसाची जागा) फुगला तसाच राहिलाय. बरेच जण याला बुशिंग डायचा दोष म्हणतात. मला तो फायदा वाटतो, कारण तोच फुगीर पट्टा काडतुसाला चेंबरमध्ये मधोमध धरून ठेवतो.

माझं म्हणणं असं. साधी डाय कुठल्याही कंपनीची, अगदी पातळ पुंगळीही चालावी म्हणून मान गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळते आणि मग आतून एक्स्पांडरचा गोळा ओढून ती पुन्हा मोठी करते. पितळ दरवेळी दोनदा राबतं, कडक होतं, शेवटी मानेला चीर जाते. शिवाय गोळा वर येताना मान एका बाजूला ओढली जाते ती वेगळीच. बुशिंग घेतलं की हवं तेवढंच दाबता येतं आणि गोळ्याची गरज उरत नाही.

बुशिंगचा नंबर, म्हणजे त्याचं आतलं माप, काढायचा तर बुलेट बसवलेल्या काडतुसाची मान मायक्रोमीटरनं मोजा आणि दोन थाऊ वजा करा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). माझी मान भरते ०.३३६ इंच, म्हणून बुशिंग ०.३३४. डझनभर बुशिंगांचा संच घेऊ नका. हा नंबर, एक खालचा आणि एक वरचा, एवढी तीन पुरतात.

कोलेटवाला

असहमत, आणि मनापासून असहमत. बुशिंग मान बाहेरून दाबतं. आत काय चाललंय हे त्याला कळतच नाही. भिंत एका बाजूला १३ थाऊ आणि समोर १५ थाऊ असेल, तर बाहेरून मान छान गोल होते आणि तो दोन थाऊंचा फरक सगळा आत सरकतो. बुलेट आत बसते. ती धरायची जागाच वाकडी झाली तर बाहेरचा गोलवा घेऊन काय करायचं?

कोलेट डायमध्ये मानेच्या आत मँड्रेल (ठरावीक मापाची दांडी) असतो आणि बाहेरून कोलेटची बोटं मान त्यावर आवळतात. आतलं माप मँड्रेल ठरवतो, भिंतीची जाडी नाही. बुशिंगांचे नंबर नकोत, वंगण नको. पकड कमी वाटली तर मँड्रेल पॉलिश पेपरनं अर्धा-एक थाऊ उतरवायचा. मानेवर बोटांच्या फिकट रेघा उठतात, त्यानं काही बिघडत नाही.

पितळप्रेमी

भिंत असमान हा पुंगळीचा दोष झाला, डायचा नव्हे. मानांची वर्गवारी करा किंवा त्या हलक्या हातानं टर्न करून (बाहेरून तासून एकसारख्या) घ्या. आणि कोलेट डाय खांद्याला हातही लावत नाही, त्याचं काय?

बोल्टअडला

नेमकं त्यावरच लिहायला आलो. तुम्ही दोघंही फक्त मान दाबण्याबद्दल भांडताय. माझं मत, फक्त मान दाबणं सोडा.

मीही अनेक वर्षं तेच केलं. पुंगळी आपल्याच चेंबरच्या मापाची झालीय, तिला कशाला हात लावायचा, असा विचार. पहिल्या तीन-चार भरण्या छान जातात. मग खांदा आणि अंग हळूहळू इतकं भरतं की बोल्ट जड लागायला लागतो. एका स्पर्धेत वेळ लावलेल्या फेरीत हँडल अर्ध्यावर थांबलं. तळव्यानं ठोकून बंद केलं, रायफल बॅगेवरून हलली आणि पुढचे तीन शॉट मी नेमाऐवजी बोल्टचाच विचार करत मारले. आता दरवेळी पूर्ण अंगाची डाय वापरतो, तीही बुशिंगवाली. खांदा एक ते दोन थाऊ मागे घेतो, मापून. बोल्ट दर वेळी सारखाच बंद होतो आणि गटाचं (निशाण्यावर शॉट किती जवळजवळ लागतात त्याचं) काहीही नुकसान झालेलं नाही. बेंचरेस्टवाल्यांची (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणाऱ्यांची) अचूकता आपल्या कितीतरी पुढची, त्यांच्यातही आज बहुतेक जण पूर्ण अंगच साइझ करतात.

कोलेटवाला

खांद्यासाठी वेगळी बॉडी डाय आहे माझ्याकडे. दोन झटके लागतात, मान्य. पण दोन्ही कामं स्वतंत्रपणे सेट करता येतात.

मापाचामाणूस

धागाकर्त्यांच्या "दोन वजा करा" या नियमात एक गोष्ट राहिली. पितळ परत उसळतं. ०.३३४ च्या बुशिंगमधून मान बाहेर आली की ती ०.३३५ च्या आसपास सापडू शकते. भिंत १४ थाऊ धरली तर आतलं माप ०.३०७ आणि बुलेट ०.३०८. म्हणजे कागदावर दोन थाऊ, हातात एकच. जुनं, कडक झालेलं पितळ जास्त उसळतं, ॲनिल केलेलं (तापवून मऊ केलेलं) कमी. म्हणून बुशिंगचा नंबर एकदा ठरवून विसरता येत नाही. दर तिसऱ्या-चौथ्या भरणीला मान पुन्हा मोजा.

दुसरं, चेंबरची मान सैल असेल तर फायर झालेली मान ०.३४३ पर्यंत गेलेली असते. ती एकाच झटक्यात ०.३३४ वर आणणं म्हणजे नऊ थाऊ दाबणं. एवढी मान एकदम दाबली की ती वाकडी जाते, शिवाय कधी कधी बुशिंगच्या नंबरपेक्षाही लहान होते. आधी ०.३३८, मग ०.३३४, असं दोन टप्प्यांत करा. माझा रनआउट (काडतूस फिरवलं की दिसणारा वाकडेपणा) एवढ्यानं निम्म्यावर आला.

मी स्वतः तिसरा मार्ग धरलाय. बुशिंगनं एक थाऊ जास्त दाबतो आणि शेवटी आतून मँड्रेल ढकलतो. गोळ्यासारखी ओढाओढ होत नाही आणि असमानता पुन्हा बाहेर जाते. कोलेटवाल्यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी डाय बदलायची गरज नाही.

नवशिका

मध्ये विचारतो, माफ करा. बुशिंग चार-पाच थाऊ लहान घेतलं तर बुलेट आणखी घट्ट धरली जाईल ना? मॅगझिनमध्ये बुलेट मागे सरकेल अशी भीती वाटते.

मापाचामाणूस

नाही. दोन-तीन थाऊंच्या पुढे पितळ लवचीक राहत नाही, बसताना बुलेटच मान फाकवते. पकड फारशी वाढत नाही, उलट बुलेट तिरकी बसण्याची आणि तिच्या जॅकेटवर ओरखडे येण्याची शक्यता वाढते. सेल्फ-लोडिंग रायफल असेल तर साधारण तीन थाऊ आणि पूर्ण अंगाचं साइझिंग, तिथं फक्त मान दाबण्याचा विचारही नको. आणि पकड बदलली की दाबही बदलतो. बुशिंग बदललं तर काडतुसातल्या दारूचं प्रमाण पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा चढवत या.

बेंचवरचा

ज्यांचं चेंबर घट्ट मानेचं आहे त्यांच्यासाठी. ६ पीपीसीच्या (बेंचरेस्टचं एक काडतूस) अनेक चेंबरची मान ०.२६२ असते. भरलेल्या काडतुसाची मान त्याहून किमान दीड-दोन थाऊ लहान हवीच. तेवढी जागा नसेल तर मान फाकून बुलेट सोडू शकत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. बुशिंग निवडण्याआधी हे माप घ्या. वरच्या वादात हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिलं.

पितळप्रेमी

बरोबर, मीच धाग्यात लिहायला हवं होतं.

आत्ता दहाही माना बॉल मायक्रोमीटरनं फिरवून मोजल्या. सात पुंगळ्यांत फरक एका थाऊच्या आत, तिघींत दोन ते अडीच. आणि रनआउटमध्ये मला कायम छळणाऱ्या त्याच तीन निघाल्या. तेवढ्यापुरतं कोलेटवाल्यांचं मान्य. पण मी या तीन बाजूला काढणार, डाय नाही. दोन टप्प्यांचं मात्र लगेच करून बघतो, ०.३३८ चं बुशिंग नाहीये, ते मागवावं लागेल.

कोलेटवाला

बाजूला काढू नका. त्याच तीन कोलेटमधून काढून रनआउट इथे टाका, मग बोलू.